कोलामी भाषा, कोलाम बांधव आणि आपला धम्म



आजचा पाठ भाषेविषयी आहे. भाषेचा आणि धम्माचा काय संबंध, असे काहींना वाटेल. पण सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बडबड करू नये, इतके आपण पाठ करतो. दुसऱ्याच्या बोलण्याला हसू नये, हेही त्यातच येते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. म्हणून आधी माझी चूक सांगतो आणि मग पाठाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी मी पहिलीच्या वर्गाला शिकवीत होतो. मुलांपुढे चित्रांचा तक्ता होता. पाण्याने भरलेल्या गडव्यावर बोट ठेवून मी विचारले, "यात काय आहे?" पोडावरून येणारी एक कोलाम मुलगी पटकन उठून म्हणाली, "ईर." सारा वर्ग हसला. हसणाऱ्यांत आपल्या बौद्ध वस्तीतली मुलेही होती. आणि लिहायला लाज वाटते, पण मीही हसलो. "ईर नाही, पाणी म्हण," असे सांगून पुढच्या चित्राकडे गेलो. त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात बोलेना. महिनाभराने तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, पोरगी घरी लय बोलते जी. तुमच्या शाळेतच मुकी होते."

त्या रात्री मला माझे कॉलेजचे पहिले वर्ष आठवले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. एका तासाला उभा राहून मी म्हणालो, "सर, मले हे समजलं नाही." 'मले' ऐकताच वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. ज्याने हे भोगले, त्यानेच सहा वर्षांच्या लेकरावर तेच करावे, याला काय म्हणावे? परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पत्र काढले आणि त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्या केलेल्यांना वाचा देणाऱ्या त्या महापुरुषाचे आम्ही अनुयायी. आमच्याच वर्गात एक लेकरू मुके होत असेल, तर आमच्या धम्मदीक्षेत काहीतरी उणे राहिले आहे.

कोलाम कोण आहेत?

आपल्या जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी, राळेगाव, कळंब, घाटंजी या तालुक्यांत कोलाम बांधवांची वस्ती आहे. जिल्ह्याबाहेर वर्धा, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांत, तसेच पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबादच्या भागात ते राहतात. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोड बहुधा मुख्य गावापासून दूर, रानाच्या कडेला असतो. पोडाचा कारभार नाईक आणि त्याच्याबरोबरची जाणती माणसे पाहतात. बांबूच्या टोपल्या, सुपे, ताटे विणण्यात या लोकांचा हात कुशल आहे. पूर्वी रानाचा तुकडा साफ करून ते फिरती शेती करीत. इंग्रजी अमदानीत जंगलाचे कायदे आले, रान सरकारी झाले आणि ती शेती तुटली. मग कोणी कोरडवाहू तुकडा कसू लागला, तर कोणी दुसऱ्याच्या कपाशीत मजुरी करू लागला.

महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींना शासनाने आदिम जमाती म्हणून नोंदले आहे. अनुसूचित जमातींमध्येही ज्या अधिक मागे राहिल्या, त्यांची ही नोंद. २००६ पासून केंद्र शासनाने अशा समूहांचे 'आदिम' हे नाव बदलून 'विशेष दुर्बल' केले, आणि ते योग्यच झाले. २०२३ साली याच समूहांसाठी प्रधानमंत्री जनमन ही योजना सुरू झाली. योजना येतात, पण त्या पोडापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचतात, हा प्रश्न मागे उरतोच.

कोलामी ही स्वतंत्र भाषा आहे

आपल्या गावांत सर्रास ऐकू येते की, "कोलामांची काही भाषा नाही, ती मोडकी गोंडी आहे," किंवा "तेलगू-मराठीची खिचडी आहे." हे खरे नाही.

कोलामी ही द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मराठी, हिंदी, पाली या आर्य कुळातील भाषा. तामिळ, कानडी, तेलगू, गोंडी, कोलामी या द्रविड कुळातील. भाषेचे कुळ म्हणजे माणसाचे कुळ नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. भाषा रक्तातून येत नाही, शेजारातून आणि आईच्या मांडीवरून येते. द्रविड कुळातही कोलामीची शाखा गोंडीहून निराळी आहे. तिची जवळची भावंडे म्हणजे नाईकी, बस्तरकडील परजी आणि ओडिशा-आंध्रकडील गदबा. गोंडी तेलगूला अधिक जवळची. म्हणजे एकाच गावातील गोंड आणि कोलाम यांच्या भाषा चुलत नात्याच्या आहेत; एक दुसरीचे मोडके रूप नव्हे.

त्या मुलीचा 'ईर' हाच शब्द घ्या. तामिळात पाण्याला 'नीर' म्हणतात, कानडीत 'नीरु', तेलगूत 'नीरु', कोलामीत 'ईर'. आपल्या मराठी कवितेत येणारा 'नीर' शब्दही संस्कृतात द्रविड भाषांतून आला, असे भाषेचे अनेक अभ्यासक मानतात. घराला तामिळात 'इल', तेलगूत 'इल्लु', कोलामीत 'एल्ला'. आम्ही ज्या शब्दाला हसलो, तो हजारो वर्षे जुन्या घराण्यातला शब्द होता! हसणारा अडाणी होता, बोलणारी नव्हे.

विद्वानांनी या भाषेची दखल फार पूर्वी घेतली आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मुंडा आणि द्रविड भाषांवरील चौथा खंड १९०६ साली निघाला; त्यात कोलामीची नोंद आहे. पुढे एमेनो नावाच्या अमेरिकेतील अभ्यासकाने १९३७-३८ च्या सुमारास वर्धा जिल्ह्यातील कोलामांमध्ये राहून भाषा लिहून घेतली आणि १९५५ साली तिचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असा ग्रंथ छापला. सातासमुद्रापलीकडचा माणूस येऊन जी भाषा शिकला, तिचे दहा शब्द आपल्याला येत नाहीत आणि पोड मात्र आपल्या शिवाराला लागून आहे.

'आम्ही' आणि 'आपण'

या भाषेची एक खूण प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. "आम्ही बाजारात जातो" आणि "आपण बाजारात जाऊ" या दोन वाक्यांत फरक आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. हिंदीत 'हम' आणि इंग्रजीत 'वुई' या एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवावी लागतात. कोलामीत मात्र मराठीप्रमाणेच यासाठी दोन निराळे शब्द आहेत. द्रविड भाषांत हा भेद जुना आहे, आणि मराठीत तो त्यांच्या शेजारानेच रुजला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हेच एमेनो यांनी १९५६ साली एका लेखात दाखवून दिले की, निरनिराळ्या कुळांतल्या भारतीय भाषा शतकानुशतके एकत्र नांदून एकमेकींसारख्या झाल्या आहेत.

ज्यांच्या भाषेच्या शेजाराने आपल्याला 'आपण' म्हणायला शिकवले असेल, त्यांनाच आपण 'आम्ही' म्हणून बाहेर ठेवतो! आजच्या पाठाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे.

संख्या काय सांगते?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कोलाम जमातीची लोकसंख्या सुमारे १ लाख ९४ हजार भरली. त्याच जनगणनेत साऱ्या भारतात मातृभाषा म्हणून कोलामी सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार निघाले. तेलंगणातले कोलाम धरूनही एवढेच. याचा अर्थ, निदान तीन कोलामांमागे एकाने तरी आपली भाषा म्हणून दुसरीच भाषा लिहविली. काहींच्या घरी ती खरोखर सुटली असेल. काहींनी लाजेने सांगितली नसेल. काहींना लिहून घेणाऱ्याने विचारलेच नसेल. कारण कोणतेही असो, भाषा एका दिवसात मरत नाही. ती बाजारात, दवाखान्यात, शाळेत रोज थोडी थोडी गप्प होते.

त्यात राज्यांची सीमा आड आली आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. नदीच्या एका काठावरचे कोलाम लेकरू मराठीत शिकते, दुसऱ्या काठावरचे तेलगूत. कोलामीला स्वतःची जुनी लिपी नाही. इकडे ती देवनागरीत लिहितात, तिकडे तेलगू लिपीत. एकाच आजीची नातवंडे एकमेकांना पत्र लिहू म्हणतील, तर वाचता येणार नाही.

दुसऱ्याने दिलेले नाव

हा प्रश्न एकट्या कोलामांचा नाही. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात रंगूनला गेले होते. त्या बौद्ध देशाच्या ब्रह्मी भाषेची काही नातलग भाषाकुटुंबे चीनच्या युन्नान आणि सिचुआन प्रांतांच्या डोंगरांत, तसेच ब्रह्मदेश, थायलंड, लाओस, व्हिएतनाम या देशांत बोलली जातात. लिसू, लाहू, आखा, नोसू अशी त्या भाषांची नावे. पण पुस्तकांत या साऱ्यांना 'लोलो भाषा' म्हणण्याची चाल पडली. 'लोलो' हे इतरांनी दिलेले नाव. तुच्छतेने वापरले गेलेले. चीनमध्ये १९५० नंतरच्या दशकात ते नाव टाकून 'यी' हे नाव घेण्यात आले. नोसू लोकांनी तर आपली जुनी लिपी सोडली नाही. तिची ८१९ अक्षरचिन्हे ठरवून १९८० साली तिला शासनाची मान्यता मिळविली.

दुसऱ्याने तुच्छतेने दिलेले नाव टाकून स्वतः निवडलेले नाव घेणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी तेच केले. ज्याला आपल्या नावाची किंमत कळली, त्याने दुसऱ्याच्या नावाची, भाषेची किंमत राखलीच पाहिजे. "कोलामटा", "जंगली" असे शब्द आपल्या तोंडून निघता कामा नयेत.

तथागतांचा भाषाविचार

आता धम्माकडे येऊ. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भिक्खू होते, सख्खे भाऊ, ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड वाणीचे. ते तथागतांकडे आले आणि त्यांनी तक्रार केली की, संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात; तरी ते छंदात, म्हणजे वेदांच्या संस्कृत वळणात बसविण्याची परवानगी द्यावी. तथागतांनी त्यांना दोष दिला. तसे करणे हा अपराध ठरविला आणि बुद्धवचन ज्याच्या त्याच्या भाषेत शिकावे अशी अनुज्ञा दिली. पुढे आचार्य बुद्धघोषांनी 'स्वतःची भाषा' म्हणजे बुद्धांची मागधी असा अर्थ केला, हे अभ्यासूंनी जाणावे. परंतु तक्रार काय होती ते पाहिले, तर सरळ अर्थ सामान्यांच्या बाजूचा दिसतो. जात मागे टाकून आलेल्या माणसाची बोली 'बिघडलेली' आहे, हा आक्षेपच तथागतांनी मान्य केला नाही.

दुसरा दाखला मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्ताचा. अरण म्हणजे कलह नसणे. त्यात तथागत भांड्याचे उदाहरण देतात. त्याच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात आणखी काही. माझाच शब्द खरा, बाकीचे खोटे, असा हट्ट धरला की कलह उपजतो. म्हणून ज्या जनपदात जावे तेथील शब्दाने बोलावे, हट्ट धरू नये.

हे आपल्या स्वयंपाकघरात लावून पाहा. आपण ज्याला गंज म्हणतो त्याला पुण्याकडे पातेले म्हणतात. आपला गडवा तिकडे तांब्या होतो. म्हणून वरण निराळे शिजते काय? पाणी गडव्यात असो की तांब्यात, त्याला 'पाणी' म्हणा की 'ईर', तहान तीच भागते. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी सांगितलेली ही गोष्ट मला, बी.ए., बी.एड. झालेल्याला, पहिलीच्या वर्गात सुचली नाही.

सम्राट अशोकांनी याच वाटेने धम्म नेला. त्यांचे लेख त्या त्या प्रदेशाच्या वळणाच्या प्राकृतात आहेत. वायव्येकडे खरोष्ठी लिपीत आहेत. आणि अफगाणिस्तानातील कंदाहार येथे १९५८ साली सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरमाईक अशा दोन परक्या भाषांत कोरलेला आहे. आधी माझी भाषा शिका, मग धम्म सांगतो, असे अशोकांनी म्हटले नाही. आणि बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा कोणत्या भाषेत दिल्या? आपल्या मराठीत! आपले अडाणी आजोबा प्रत्येक शब्द समजून उच्चारू शकले, ते त्यामुळेच.

संविधान काय सांगते?

संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाने, ज्या नागरिकांची स्वतःची निराळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे, त्यांना ती जतन करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे तो राज्यांना सांगतो. कोलाम लेकराने शाळेत कोलामी बोलणे हा अपराध नाही, तो त्याचा हक्क आहे.

येथे कोणी म्हणेल, "त्यांनी मराठी शिकू नये काय? मग नोकरी कशी लागेल?" शंका बरोबर आहे. मराठी शिकावीच, इंग्रजीही शिकावी. पण मुलाचा एक पाय त्याच्या ओळखीच्या जमिनीवर असेल, तरच दुसरा पाय पुढे पडतो. त्या मुलीच्या आईकडून मी वीस-पंचवीस शब्द लिहून घेतले आणि फळ्यावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कोलामी असे मांडू लागलो. माझे उच्चार ऐकून ती मुलगी खळखळून हसली. या वेळी हसण्याचा हक्क तिचा होता. हसता हसता ती बोलू लागली, आणि मराठीही बोलू लागली.

आपण काय करावे?

एक : घरात, वाड्यात, बाजारात कोणाच्याही बोलण्याची नक्कल करून हसू नये. मुलांनी तसे केले, तर तेथेच थांबवावे. हा सम्यक वाचेचा भाग समजावा.

दोन : ज्यांच्या गावाला पोड लागून आहे, त्यांनी शेजाऱ्यांकडून निदान दहा कोलामी शब्द शिकावेत. शिकविणारा तो, शिकणारे आपण. या नात्यानेच उच्चनीचता वितळते.

तीन : ग्रामसभेत बसाल तेव्हा पोडावरच्या अंगणवाडीत कोलामी जाणणारी सेविका असावी, दवाखान्यात कोलामी समजणारे कोणी असावे, अशी मागणी कोलाम बांधवांच्या बरोबरीने करावी. त्यांच्या वतीने नव्हे, त्यांच्याबरोबर.

चार : जनगणनेच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात 'कोलामी' लिहविण्याचा त्यांना हक्क आहे, ही माहिती त्यांना द्यावी. लिहविणे न लिहविणे त्यांच्या मर्जीचे.

पाच : धम्मप्रचाराच्या उत्साहात पोडावर जाऊन त्यांच्या देवांची, रीतींची टवाळी करू नये. "तुम्ही मुळात बौद्धच होता," असे ऐकीव इतिहासही सांगू नयेत. प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत, त्या आपण पाळाव्यात. तथागतांचा धम्म 'या आणि पाहा' असा आहे. आपले वागणे पाहून कोणाला यावेसे वाटले तर विहाराचे दार उघडे आहे. नाही वाटले, तरी शेजारी तो शेजारीच.

सर्व माणसे समान मानीन आणि समता स्थापन करण्याचा यत्न करीन, अशी प्रतिज्ञा आपण केली आहे. समता मागताना आपण वर पाहतो. पण समता देण्याची वेळ येते तेव्हा आपल्या बाजूला कोण उभे आहे, तेही पाहावे लागते. आपल्या बाजूला पोड आहे. पुढच्या वेळी तेथून कोणी विहाराच्या ओट्याशी पाण्यासाठी थांबले, तर गडवा पुढे करा आणि म्हणा, "ईर."

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. यमेळु आणि तेकुल यांची तक्रार काय होती? तथागतांनी ती का मान्य केली नाही?

२. अरणविभंग सुत्तातील भांड्याच्या उदाहरणासारखी तीन उदाहरणे आपल्या घरातून शोधा.

३. कोलामी ही गोंडीचे मोडके रूप नाही, हे कशावरून?

४. 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक काय? आपल्या गावात आपण कोणाला 'आम्ही'च्या बाहेर ठेवतो?

५. आपल्या बोलण्याला कोणी हसले होते काय? घरातील वडील माणसांनी तो अनुभव मुलांना सांगावा.

जयभीम! नमो बुद्धाय!